घरचा वाफा आणि बाजारचा वाफा

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माळी समाजाच्या व्यासपीठावर उभे राहून माळवे कसे पिकवावे हे सांगणे म्हणजे कोष्ट्याला सूत दाखविण्यासारखे आहे. म्हणून आम्ही पिकविण्याविषयी थोडे आणि विकण्याविषयी अधिक बोलणार आहोत. त्यातही एक गोष्ट अशी आहे की, ती चारचौघांत सांगताना आमची मान खाली जाते. तथापि ती सांगितल्यावाचून पुढचे सांगण्यात अर्थ नाही.

आपल्यापैकी बहुतेकांच्या मळ्यात एक लहानसा वाफा निराळा राखलेला असतो. चार ओळी वांगी, दोन ओळी भेंडी, बांधावर घेवड्याचा वेल. त्यावर औषध मारावयाचे नाही, असा दंडक घरातील वडीलधाऱ्या बायका घालून देतात. हा घरचा वाफा. उरलेले सारे रान बाजारचे. त्यावर आठवड्याला पंप फिरतो. आमच्याकडेही असेच होते आणि त्यात काही वावगे आहे असे आमच्या मनात कधी आले नाही. बाजारचा माल रात्री टेंपोत चढतो, पहाटे शहराच्या आडतीवर उतरतो, आणि तो कोणाच्या ताटात पडतो हे आपणांस कधीच दिसत नाही. न दिसणाऱ्या माणसाची काळजी वाहणे फार थोड्यांना जमते.

सन २०२० च्या एप्रिलात टाळेबंदीमुळे आडत बंद पडली आणि अर्धा एकर वांगी झाडावर निबर होऊ लागली. नाइलाजाने आम्ही तालुक्याच्या गावी दारोदार हिंडलो. एका दारी एका वृद्ध बाईंनी वांगे हातात घेऊन विचारले, "ह्यावर फवारा कधी मारला होता?" आम्ही म्हणालो, "झाले की पंधरा दिवस." वस्तुतः तीन दिवस झाले होते. त्या बाईंनी दोन किलो वांगी घेतली, पैसे दिले आणि वर पाणीही विचारले. आम्ही घरी आलो तेव्हा आमच्या मातोश्री रात्रीच्या भाजीसाठी घरच्या वाफ्यातली वांगी तोडीत होत्या. त्या रात्री ती भाजी आम्हांस गोड लागली नाही.

औषध मारल्यावर तोडणीपूर्वी किती दिवस थांबावयाचे, हे प्रत्येक बाटलीच्या चिठ्ठीवर छापलेले असते. पण वांग्याची तोडणी दर तीन-चार दिवसांनी येते. चिठ्ठीप्रमाणे थांबावे तर फळ निबर होते आणि आडतीवर त्याला कोणी विचारीत नाही. म्हणजे दोष केवळ आपल्या लोभाचा नाही. विक्रीची रीतच अशी आहे की तीत थांबावयास जागा नाही. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ सालापासून मनाई होती, तरी ते पुढेही कित्येक वर्षे मळ्यांतून फिरत होते, हे येथे बसलेल्या पुष्कळांना ठाऊक आहे. आम्ही कोणाकडे बोट दाखवीत नाही. आमच्या कोठीतही ती बाटली होती.

दुसऱ्या वर्षी आम्ही ठरविले की सारा मळा घरचा वाफा करावयाचा. वाटण्या होता होता आमच्या हिश्शाला एक एकर, म्हणजे ४० गुंठे आले आहेत. त्यांपैकी २४ गुंठ्यांत माळवे, ८ गुंठ्यांत दोन गाईंपुरता घास व कडवळ, आणि उरलेल्यात विहीर, गोठा, उकिरडा व बांधावरचा शेवगा. गिऱ्हाईक म्हणून गावातील २५ घरे धरली. कांदा-बटाटा सोडला तर एका घराला आठवड्याला पाच किलो माळवे पुरते. म्हणजे आम्हांस आठवड्याला सव्वाशे किलो पिकविले पाहिजे. हा हिशेब कागदावर सोपा दिसतो.

रानात तो सोपा नाही. आडतीसाठी पेरताना दहा गुंठे मेथी एकाच दिवशी फेकली तरी चालते. पंचवीस घरांना मात्र दर आठवड्याला मेथी हवी, आणि तीही दोनच जुड्या. म्हणून दर आठ दिवसांनी एकेक लहान वाफा पेरावयाचा. मेथी महिन्याच्या आत निघते, पालक महिन्याने कापणीला येऊन पुन्हा पुन्हा फुटतो, भेंडी दीड महिन्याने सुरू होऊन एक दिवसाआड तोडावी लागते, वांग्याला त्याहूनही अधिक दिवस लागतात. ही सारी चाके एकमेकांत अडकवावी लागतात. पावसाळ्यात कोथिंबीर कुजते, तिला उंच गादीवाफा पाहिजे. वैशाखात विहीर तळ गाठते, तेव्हा ठिबकच्या नळीखेरीज आणि उसाच्या पाचटाच्या आच्छादनाखेरीज गत्यंतर नाही. त्या दिवसांत आम्ही पालेभाजीचा हट्ट सोडतो आणि दोडका, कारले मांडवावर चढवितो. खालच्या सावलीत चार वाफे चुका-चाकवत कसेबसे तग धरतात.

कीड जात नाही, हे प्रथमच सांगितलेले बरे. वांग्याची शेंडा पोखरणारी अळी आजही येते. सुकून मान टाकलेले शेंडे दर आठवड्याला खुडून जाळणे, कामगंध सापळे लावणे, आणि निंबोळीचा अर्क फवारणे, हे तीन उपाय आम्ही करतो. पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवून गाळावी आणि शंभर लिटर पाणी करावे. टोमॅटोच्या कडेने झेंडू लावावा; तो सूत्रकृमींना आवरतो आणि दसऱ्याला विकलाही जातो. अलीकडे जीवामृताचा फार बोलबाला आहे. आम्हीही ते घालतो, परंतु कुजलेल्या शेणखताला त्याने रजा देता येते असे आमच्या अनुभवास आलेले नाही. इतके करूनही दहांतले दोन वांगे किडके निघते. ते बाजूला काढून गिऱ्हाइकाला त्याचे कारण सांगावयाचे. आडत्याला हे सांगता येत नसे; पंचवीस घरांना सांगता येते.

घरांशी बांधून घेतले म्हणजे त्यांचे सणवारही आपल्या मळ्यात शिरतात. चातुर्मासात कित्येक घरी वांगे वर्ज्य असते आणि चंपाषष्ठीला त्याच घरी भरिताला वांगी कमी पडतात. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खावयाचे नाही, म्हणून अळू, माठ, पडवळ, भोपळा ही हाताने खणून लावलेलीच हवीत. आमच्या मातोश्री त्या दोन वाफ्यांत आजही नांगर शिरू देत नाहीत, आणि त्या दिवसाची भाजी आम्ही विकत नाही, वाणवळा म्हणून देतो.

भावाविषयी थोडे. जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो १८८३ साली. शहरात माळवे आणणाऱ्या शेतकऱ्याला जकात आणि दलाली कशी नागविते हे त्यांनी त्यात दाखविले आहे. जकात गेली; दलालीचे काय झाले ते आपण जाणता. २०१६ साली राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार आवाराबाहेर विकण्यास मोकळीक दिली, तेव्हा दारोदारच्या विक्रीला आता आडकाठी नाही. आम्ही घरांशी वर्षाचा एकच भाव ठरवितो. २०२३ च्या जुलैत शहरात टोमॅटो शंभरापार गेला असता आम्ही तो ४० रुपयांनीच दिला. आमचे चिरंजीव चार दिवस आमच्याशी धड बोलले नाहीत. सप्टेंबरात भाव इतके कोसळले की आडतीवर तोडणीची मजुरीही निघेना. तेव्हाही आमची घरे ४० रुपयेच देत होती. मग ते बोलू लागले.

परंतु हा मार्ग श्रीमंतीचा आहे असा आपला समज होऊ नये. दुसऱ्या पावसाळ्यात भुरी आणि मावा असा पडला की तीन आठवडे पिशव्या अर्ध्या रिकाम्या गेल्या आणि २५ घरांची १७ झाली. ती पुन्हा २५ होण्यास दीड वर्ष लागले. घरातील एक माणूस आठवड्याचे दोन दिवस वाटपातच जाते. ज्याचा मळा गावापासून पाच-सहा कोसांवर आहे त्याला हे परवडणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

राहता राहिली ती बाईंची गोष्ट. आमच्या पहिल्या पंचवीस घरांत त्यांचे घर होतेच. दोन वर्षे आम्ही त्यांना काही सांगितले नाही. मग एके दिवशी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि दार लावून घेतले. दोन आठवडे पिशवी घेतली नाही. तिसऱ्या आठवड्यात रिकामी पिशवी दाराच्या कडीला अडकविलेली होती, आणि तीत चिठ्ठी होती: "वांगी नकोत. बाकी द्या." त्यांनी वांगी पुन्हा मागितली ती गेल्या चंपाषष्ठीला.

अध्यक्ष महाराजांनी घड्याळाकडे पाहिले आहे. मंडपाबाहेर उजव्या हाताला घेवडा, दोडका आणि माठ यांचे आमच्या मळ्यात धरलेले बी पुड्या बांधून ठेवले आहे. ज्यांना हवे त्यांनी जाताना न्यावे, मूल्य नाही.