आजीच्या सुरकुत्या आणि लूशन फ्रॉइड



मंचावर येण्याआधी तुम्हा विद्यार्थ्यांचं चित्रप्रदर्शन पाहिलं. तिथे कुणीतरी आजीचं पेन्सिलचित्र लावलंय. नाक जरा चुकलंय, पण डोळ्यांखालची एकही सुरकुती सुटलेली नाही. मी तिथे बराच वेळ उभा होतो आणि मला चित्रकार लूशन फ्रॉइड आठवला.

मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड यांचा हा नातू. जन्म १९२२ चा, बर्लिनमधला. घर ज्यू, त्यामुळे हिटलर सत्तेवर येताच १९३३ मध्ये कुटुंबाने इंग्लंड गाठलं. पुढे लंडनमध्ये तो जन्मभर मुख्यतः माणसं रंगवत राहिला.

त्याची रीत ऐका. उभ्याने काम करायचं. हातात डुकराच्या केसांचा राठ ब्रश, पॅलेटवर शिशाचा दाट पांढरा रंग. कातडी रंगवताना एक फटकारा मारला की ब्रश फडक्याला पुसायचा आणि पुढच्या फटकाऱ्यासाठी रंग नव्याने कालवायचा. कारण गालावरचा रंग कानापाशी तोच राहत नाही. मग वेळ लागणारच! चित्रकार डेव्हिड हॉकनी २००२ मध्ये त्याच्यापुढे शंभराहून जास्त तास बसले होते.

राणी एलिझाबेथचंही चित्र त्याने केलं, जेमतेम वहीच्या पानाएवढं. त्याचा बराच गाजावाजा झाला. मला मात्र त्याने केलेली आईची चित्रं कितीतरी मोठी वाटतात.

आईचा या मुलावर फार जीव. इतका, की तिची सतत रोखलेली नजर त्याला सोसायची नाही आणि तो तिला टाळायचा. १९७० मध्ये वडील गेले. आई खचली, तिचं कशातच लक्ष राहिलं नाही, मुलातसुद्धा. तेव्हा कुठे तो तिला चित्रासाठी समोर बसवू शकला. मग वर्षानुवर्षं आई येऊन बसायची. कधी खुर्चीत, कधी पांढऱ्या कपड्यांत पलंगावर आडवी, नजर भलतीकडेच. १९८९ मध्ये ती गेली. त्यानंतर त्याने कोळशाने तिचा निष्प्राण चेहरा रेखाटला. ते तिचं शेवटचं चित्र.

आजीचं चित्र ज्याने किंवा जिने काढलंय, त्याने किंवा तिने कार्यक्रम संपल्यावर मला जरूर भेटावं. आजी घरी असतील, तर नाक दुरुस्त करायला त्यांना पुन्हा एकदा समोर बसव, एवढंच सांगायचंय.