मुलाचे नाव हाक मारण्याजोगे असावे
(धामणगाव रेल्वे येथे मंडळाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात दिलेले भाषण)



चालक मंडळींनी विषयाची निवड आमच्यावर सोपविली. शिक्षण, हुंडा, विवाहातील खर्च हे नेहमीचे विषय बाजूस सारून आम्ही बारशाचा विषय घेतला, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु आमचे सारे आयुष्य हजेरीपट वाचण्यात गेले आहे. रोज सकाळी पन्नास नावे मोठ्याने उच्चारणाऱ्या माणसास नावांची थोडीफार पारख आपोआपच येते.

आमच्या वर्गात एक रुद्रप्रताप होता. नाव पराक्रमी, मूर्ती लहान. 'र' हा वर्ण पुष्कळ मुलांच्या जिभेवर पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत नीट बसत नाही, आणि जोडाक्षरात तर मुळीच नाही. कोणी नाव विचारले की तो 'लुद्दलपताप' म्हणे, आणि वर्ग खो खो हसे. दिवाळीपर्यंत त्या मुलाने नाव सांगणेच सोडून दिले. विचारले की तो खाली मान घालून उभा राही. आपले नाव आपल्यालाच घेता येऊ नये, ही शिक्षा त्या लेकरास कोणत्या अपराधाची?

गेल्या काही वर्षांत बारशालाही असाच प्रकार दिसतो. पाळण्यात वाकून बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगण्याचा मान आत्याचा. हल्ली आत्याच्या हाती चिठ्ठी द्यावी लागते, आणि चिठ्ठी वाचूनही ती अडखळते. जिने नाव ठेवायचे तिलाच ते म्हणता येत नसेल, तर लोक त्या नावालाच नावे ठेवतील यात नवल नाही.

आपल्या पूर्वजांनी या गोष्टीचा विचार केला नव्हता असे नाही. व्याकरण कशासाठी शिकावे हे सांगताना पतंजलीने महाभाष्यात मुलाच्या नावाचाच दाखला दिला आहे. नाव दोन किंवा चार अक्षरी असावे, त्याचा आरंभ घोषवर्णाने, म्हणजे ग, ज, द, ब, म अशा घुमणाऱ्या वर्णाने व्हावा, मध्ये य, र, ल, व यांपैकी एखादा असावा, आणि ते नाव कृदन्त असावे, तद्धित नसावे. कृदन्त कोणते हे व्याकरणावाचून कसे कळणार, असा त्याचा मुद्दा. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुलींची नावे सुखाने उच्चारता येतील अशी असावीत असे म्हटले आहे. ही सवलत मुलग्यांना का नाही, हे ग्रंथकारासच ठाऊक. त्याच ठिकाणी शूद्राचे नाव निंदाव्यंजक असावे असाही नियम आहे. तो नियम आम्ही सर्वस्वी त्याज्य समजतो. आपल्या खेड्यांतून दगडू, धोंडू ही नावे पडत, त्यांमागे बहुधा मूल जगावे, त्यास दृष्ट लागू नये, हीच आईची धास्ती असे.

जन्मनक्षत्रावरून अक्षर काढणाऱ्यांस एक सांगावेसे वाटते. सत्तावीस नक्षत्रांचे चार-चार चरण, अशी एकशे आठ अक्षरे पंचांगात दिलेली असतात. त्यांत आर्द्रेच्या वाट्यास 'ङ' आहे, हस्ताच्या वाट्यास 'ण' आणि उत्तराभाद्रपदेच्या वाट्यास 'ञ'. या अक्षरांनी आरंभ होणारे एक तरी मराठी नाव कोणी आम्हांस सांगावे! आश्लेषेस डी, डू, डे, डो. म्हणूनच नावरस नाव पत्रिकेत लिहावे आणि हाक मारावयाचे नाव निराळे ठेवावे, ही वहिवाट पडली. ती मोकळीक परंपरेनेच दिलेली आहे. ती घेण्यात पाप नाही.

आता आपल्या वऱ्हाडाकडे पाहू. येथील घराघरांत गजानन आहे, तो शेगावमुळे. चार अक्षरे, आरंभी 'ग', एकही जोडाक्षर नाही. पतंजलीची निम्मी परीक्षा तर तो सहज उतरतो. (एका वर्गात पाच गजानन आले म्हणजे मास्तरांची फजिती होते, हे खरे. आपल्या गावालाही बढे आणि गढी या धामणगावांपासून वेगळे ओळखू यावे म्हणून 'रेल्वे' जोडून घ्यावे लागले.) यावलीच्या माणिकचे तुकडोजी झाले ते गुरूंच्या तोंडून, आणि शेंडगावच्या डेबूजीस लोकांनीच हातातील गाडग्यावरून गाडगेबाबा केले. पलीकडे पवनारला विनायक नरहर भावे राहत. आई त्यांस विन्या म्हणे, गांधीजींनी विनोबा केले, आणि साऱ्या देशास ते म्हणता आले. जनतेच्या तोंडी टिकलेली ही नावे पाहा: एकही जिभेस बोचत नाही.

आपल्या वऱ्हाडी बोलीचाही मान राखला पाहिजे. येथे 'डोळा' चा 'डोया' होतो आणि 'ण' चा 'न' होतो. नीळकंठ हे नाव फार गोड, पण आजी त्यास नीयकंठच म्हणणार. त्यात आजीचे काही चुकत नाही. तिच्या तोंडी जे नाव सुखाने बसेल तेच त्या घरात वावरेल.

परंतु आपली मुले आता धामणगावात थोडीच राहतात? पुण्यास जातात, तेथून अमेरिकेस. एका घरी नातवाचा जन्म परदेशी झाला. तेथल्या शेजाऱ्यांस सोपे जावे म्हणून आईबापांनी असे नाव निवडले की येथे कोणास ते उच्चारता येईना. फोनच्या पडद्यावर नातू दिसे, आजी त्यास 'बाबू, बाबू' म्हणे, आणि तो वळून पाहत नसे. ती माऊली आम्हांस म्हणाली, "गुरुजी, मले त्याचं नावच घेता येत नाई." आम्हांस उत्तर सुचले नाही.

दोन्हीकडे चालणारी नावे आहेत; शोधण्याचे कष्ट घेतले पाहिजेत. इंग्रजी जिभेस ळ, ण, भ, ध, घ जमत नाहीत; त आणि ट, द आणि ड यांत तिला भेद कळत नाही. अ आणि आ या दोहोंस रोमन लिपीत बहुधा एकच अक्षर. त्यामुळे आपला अमेय तिकडे 'अमेया' होतो आणि लोक त्यास मुलगी समजतात. हर्षित हे आनंददायक नाव. पण रोमन अक्षरांत त्याच्या शेवटी इंग्रजीतील एक घाणेरडा शब्द तयार होतो, आणि शाळकरी पोरांस तो तत्काळ दिसतो. 'ज्ञ' साठी परदेशी जाण्याचे कारणच नाही: आपण 'द्न्य' म्हणतो, हिंदी माणूस 'ग्य', गुजराती 'ग्न'. मोहन, रवी, नील, रोहन, विनय यांस कोठेही अडचण नाही. चिकोडीत जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले. आडनावातला 'ठ' तिकडे कोणास साधत असेल असे वाटत नाही. पण नाव एकाक्षरी.

सोपेपणाच्या नादात अर्थ मात्र सोडू नये. हल्ली 'कियान' हे नाव फार ऐकू येते. फारशीत ते प्राचीन राजवंशाचे नाव आहे, त्या अर्थाने कोणी ठेवले तर आमची तक्रार नाही. पण त्यास संस्कृत समजून ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की संस्कृतात 'कियान्' म्हणजे 'केवढा?'. जन्मभर पोराने स्वतःविषयी हा प्रश्न विचारीत हिंडावे काय?

शेवटी व्यवहाराचे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांची नावे महाराष्ट्र शासनाच्या कागदांवर मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहावयाची आहेत. आईचे नाव आले ही मोठी समाधानाची गोष्ट. पण ओळ लांबली, तेव्हा पहिले नाव आटोपशीर असलेले बरे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांस शाळाप्रवेशापासून विवाहनोंदणीपर्यंत जन्मदाखलाच लागतो, म्हणून त्यावरील अक्षरे, मराठी आणि इंग्रजी दोन्ही, दोघांनी तपासून घ्यावीत. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी; नाव मात्र १२ महिन्यांपर्यंत शुल्कावाचून घालता येते. तेवढा अवधी हाती असताना दवाखान्यातच घाईने नाव लिहून देऊ नये. चार-सहा दिवस आजीने, आत्याने, शेजारच्या लहान पोराने त्या नावाने बाळास हाका मारून पाहाव्यात. परगावच्या काकांनी फोनवरून मारावी. ज्या हाकेस कोणी अडखळत नाही, ते नाव दाखल्यावर जाऊ द्यावे.