दोन स्क्रू आणि एक छोटं यंत्र

(आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ सभासदांच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत मधुमेहावर भाषण झालं, त्याच्या आधी मृत्युपत्रावर. आज मी स्क्रू ड्रायव्हरवर बोलणार म्हटल्यावर सेक्रेटरींनी मला दोनदा विचारलं, "काका, नक्की ना?" नक्की. बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाने ठेवी आणि व्याजदरावर बोलावं अशी अपेक्षा असते. पण ज्या विषयाची किंमत मी स्वतः मोजली आहे, त्यावर बोलावं असं वाटलं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या बाथरूममधला टॉवेलचा रॉड हलायला लागला होता. सौ.ने सांगितलं. मी म्हटलं, सुताराला सांगतो. आता सुतार दोन स्क्रूंसाठी येत नाही, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तो म्हणतो, "चार कामं जमवून ठेवा काका, मग येतो." मी कामं जमवत बसलो. हाताने पिळून पाहिलं नाही असं नाही. पण हात वर धरायचा, स्क्रू अगदी भिंतीलगत आणि मनगट सत्तरीतलं. अर्धा फेरा फिरला आणि सोडून दिलं. जुलैमधल्या एका सकाळी तिचा पाय घसरला, तिने रॉड धरला आणि रॉड हातात घेऊनच ती खाली आली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. त्या सहा आठवड्यांत त्या रॉडबद्दल ती मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

टॉवेलचा रॉड माणसाचं वजन पेलण्यासाठी नसतोच, हे खरं. स्क्रू घट्ट असते तरी तो टिकला असता की नाही, कोणी सांगावं! आता तिथे आधाराची स्टीलची दांडी आहे. ती मात्र माणूस बोलावून, भिंतीत ड्रिल करून, गिट्ट्या ठोकून पक्की बसवून घेतली. ते काम आपलं नव्हे. पण मनात राहिलं ते राहिलंच.

त्या भरात मी दसऱ्याच्या सेलमध्ये अठरा व्होल्टचं भलंमोठं कॉर्डलेस ड्रिल घेतलं. दीड किलोचं. बरोबर शंभर-सव्वाशे वस्तूंची पेटी! घरी आल्याबरोबर स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराची बिजागरी आवळायला घेतली. यंत्राने 'घर्र' केलं, स्क्रू क्षणात आत गेला आणि तिथेच गरगर फिरत राहिला. लाकडातले आटे गेले. आपल्या घरांतली बरीच कपाटं भुसा दाबून केलेल्या बोर्डाची, तो असा जोर सोसत नाही. दार पंधरा दिवस एका बिजागरीवर लोंबत होतं. दोष यंत्राचा नव्हता. त्याच्यावरची जोर ठरवायची रिंग मी ड्रिलच्या खुणेवर ठेवली होती, म्हणजे सगळी ताकद खुली. (आटे गेलेल्या भोकाचा इलाज सांगून ठेवतो. गुल उडवलेल्या दोन-तीन आगकाड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात बसवायच्या, एक रात्र वाळू द्यायच्या, वर आलेला भाग कापायचा. स्क्रू पुन्हा धरतो.)

नोकरीतली माझी चार वर्षं मस्जिद बंदरच्या शाखेत गेली. नागदेवी स्ट्रीटचे हार्डवेअरवाले आमचे कॅश क्रेडिटचे खातेदार. दर महिन्याला स्टॉक तपासायला जायचो, खोकी मोजायचो, आत काय आहे ते कधी विचारलं नाही. दिवाळीनंतर सौ.ला घेऊन त्यातल्याच एका दुकानात गेलो. आता तिथे मुलगा बसतो. मी व्होल्ट, वॉट विचारायला लागलो, तर त्याने मला थांबवलं. म्हणाला, "साहेब, वापरणार कोण?" मी "मी" म्हणायच्या आत ही म्हणाली, "मी."

मग त्याने चार यंत्रं तिच्या हातात एकेक करून दिली. प्लास्टर निघून बरेच दिवस झाले होते, पण पकड अजून कच्ची होती. ज्याची मूठ तिच्या तळव्यात पूर्ण बसली आणि ज्याचं बटण तर्जनीने सहज दाबलं गेलं, ते बाजूला काढलं. वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. सरळ दांड्याचं दुसरं एक होतं, आणखी हलकं, दिसायला छान. पण स्क्रू घट्ट होताना यंत्र उलटा हिसका देतं, आणि सरळ दांडा मुठीत फिरतो. पिस्तुलासारखी मूठ असेल तर तो हिसका पंजा पेलतो. दुखऱ्या मनगटाला हा फरक लगेच कळतो. आमच्या हिला कळला.

जोर मोजतात न्यूटन-मीटरमध्ये. घाबरू नका. एक मीटर लांब दांडीच्या टोकाला शंभर ग्रॅमच्या आसपास वजन टांगलं की जो पीळ बसतो, तो एक न्यूटन-मीटर. घरातल्या बिजागऱ्या, कड्या, ड्रॉवरच्या मुठी, पडद्याच्या रॉडचे ब्रॅकेट यांना तीन ते पाच पुरतात. मोठ्या ड्रिलला याच्या कितीतरी पट असतो, आणि तोच आमच्या कपाटाला नडला. लहान यंत्रातही जोर ठरवणारी रिंग असलेलंच घ्या. ठरवलेला जोर आला की ते कट-कट करून थांबतं. काही स्वस्त यंत्रांत ती नसते. आणखी एक बघा, बटण सोडल्यावर दांडा जागीच अडकतो का? तसं असेल तर शेवटचा पाव फेरा साध्या स्क्रू ड्रायव्हरसारखा हाताने देता येतो. मी तर प्लास्टिकच्या वस्तूंना शेवटचा फेरा हातानेच देतो.

व्होल्टची एक गंमत सांगतो. एका खोक्यावर ३.६ व्होल्ट लिहिलेलं, शेजारच्यावर ४ व्होल्ट, आणि दुसऱ्याची किंमत जास्त. दोन्हींत लिथियम-आयनचा एकच सेल! नुकता भरलेला असताना तो चारच्या थोडा वर असतो, काम करताना सरासरी साडेतीनच्या आसपास. आमच्याकडे जाहिरातीतला व्याजदर आणि प्रत्यक्ष पडणारा दर यांत जे असायचं, तेच हे. सेलवर अँपिअर-तास किती लिहिले आहेत ते बघा. दीड किंवा दोन असले तर आपल्याला पुष्कळ.

पूर्वीच्या निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या कपाटात पडल्या पडल्या उतरायच्या, म्हणून दोन महिन्यांनी यंत्र काढावं तर ते मेलेलं. २००३ साली बॉशने 'इक्सो' नावाचा लिथियम-आयनवरचा छोटा स्क्रू ड्रायव्हर आणला आणि ही अडचण गेली. तेव्हा आपली इमारत नवीकोरी होती, आणि बिजागऱ्याही! चार्जिंग मोबाइलच्या टाइप-सी वायरने होणारं घ्या, म्हणजे वेगळा चार्जर हरवायची भीती नाही. पण सेल आत बंद असतो. तो काही वर्षांनी थकला की यंत्रही गेलं, म्हणून ज्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर जवळ आहे तिचंच घ्या आणि बिल जपून ठेवा. रात्रभर, रोज चार्जिंगला लावून ठेवू नका. तीन महिन्यांनी एकदा पुरतं.

सगळ्यात जास्त चुका बिटमध्ये होतात. आपण ज्याला स्टार म्हणतो तो बहुतेक वेळा फिलिप्स. पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्स यांनी १९३६ मध्ये त्याची पेटंटं मिळवली. बल्बवाल्या फिलिप्सशी त्यांचा संबंध नाही. घरात बहुतेक ठिकाणी दोन नंबरचा लागतो, त्यावर पीएच-२ लिहिलेलं असतं. पण आपोआप बंद होणाऱ्या बिजागऱ्यांचे स्क्रू नीट बघा. अधिकच्या चिन्हामध्ये तिरप्या बारीक रेघा दिसल्या तर तो पोझिड्राइव्ह, त्याला पीझेड-२. तिथे फिलिप्स लावलात तर बिट उसळतो आणि स्क्रूची खाच खाऊन टाकतो. आमच्या जुन्या स्विचबोर्डांना मात्र अजून सपाट खाच आहे. म्हणून शंभर बिटांची पेटी नको, चांगल्या पोलादाचे सहा बिट घ्या. मुदत ठेवीबरोबर मिळणाऱ्या बॅगेसाठी कोणी ठेव ठेवत नाही! लोहचुंबकाची लांब दांडी मात्र जरूर घ्या, स्क्रू तिला चिकटून राहतो आणि दुसरा हात आधाराला मोकळा राहतो.

दोन गोष्टी हे यंत्र करत नाही. ते भिंतीला भोक पाडत नाही. आणि बॅटरीवर चालतं म्हणून ते विजेपासून वाचवत नाही. स्विचबोर्ड उघडायचा तर आधी मेन बंद. आणि स्टुलावर चढायचं असेल तर खाली कोणीतरी उभं हवं. आमच्याकडे मी उभा असतो.

हो, मी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ही यंत्र घेऊन घरभर फिरते. दारं, कड्या, खिडक्यांचे अडसर, बाथरूममधली ती दांडी. मी स्टूल धरतो आणि मागून स्क्रूंची वाटी घेऊन चालतो. गेल्या महिन्यात तिने शेजारच्या वहिनींच्या दाराची साखळी बसवून दिली. मला बोलावलं नव्हतं.

ते मोठं ड्रिल मी सोसायटीच्या ऑफिसला देऊन टाकलं, सेक्रेटरींच्या कपाटात आहे. छोटं यंत्र कोणाला हवं असेल तर आमच्याकडून घेऊन जा. वही ठेवली आहे, नाव, तारीख, सही. सवय जात नाही. परत आणताना चार्ज करून आणा, आणि बिट मोजून. पीझेड-२ गेल्या गणपतीपासून परत आलेला नाही, ज्यांच्याकडे असेल त्यांना मी नाव न घेता हे सांगतो आहे.