पहिले काही तास वस्तीचेच



२६ जुलै २००५ रोजी चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्याची नोंद मात्र जेमतेम ७३ मिलिमीटरची होती. या दोन आकड्यांत महानगरांसाठी मोठा धडा आहे. महापालिकेचे मुख्यालय आणि मंत्रालय मुंबईच्या दक्षिण टोकाला. प्रलय मात्र कुर्ला, कलिना, सायन या परिसरात. लोकल थांबल्या, रस्ते बुडाले, दूरध्वनी मुके झाले. निर्णय घेणारे केंद्र आणि बुडणारी वस्ती यांचा संपर्कच तुटला. एकट्या मुंबईत चारशेहून अधिक माणसे प्राणास मुकली.

तरीही त्या रात्री असंख्य जीव वाचले. कुणी दोर बांधून वाट काढून दिली, कुणी अनोळखी माणसांना घरात आसरा दिला. शासकीय मदतीपूर्वी शेजारी धावून आला. १९९५ च्या कोबे भूकंपातही हेच घडले. ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्यांपैकी बहुसंख्यांना कुटुंबीयांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढले होते. परंतु कोबे शहर केवळ कौतुकावर थांबले नाही. तेथे प्राथमिक शाळांच्या परिसरागणिक नागरिकांचे गट उभे राहिले आणि नियमित सराव सुरू झाला.

मुंबईतही यंत्रणा वाढली, हे मान्यच केले पाहिजे. डिसेंबर २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला, मिठी नदीचे रुंदीकरण झाले, महापालिकेचा १९१६ हा मदत क्रमांक आहे, ‘आपदा मित्र’ योजनेतून स्वयंसेवक प्रशिक्षित होतात. उणीव आहे ती गल्लीपातळीवरील सिद्धतेची. ‘मुंबईकरांच्या जिद्दी’चा गौरव होतो आणि त्या गौरवात ही उणीव झाकली जाते. जिद्द ही पूर्वतयारीची जागा घेऊ शकत नाही.

ही सिद्धता खर्चिक नाही. पाणी प्रथम कोणत्या गल्लीत शिरते? तळमजल्यावर अंथरुणाला खिळलेले वृद्ध कोणत्या घरांत आहेत? विजेचा मुख्य खटका कोण बंद करणार? कोणत्या शाळेचा वरचा मजला आसऱ्यासाठी उघडता येईल, आणि तिची किल्ली कोणाकडे? दोर, विजेरी, प्रथमोपचार पेटी कोठे आहे? ही माहिती कागदावर लिहून दहा घरांत असावी. कारण भ्रमणध्वनी ऐनवेळी बंद पडतो. तिची एक प्रत वॉर्ड कार्यालयात द्यावी आणि वर्षातून एकदा सराव करावा.

मे महिना संपण्यापूर्वी प्रत्येक चाळीत, सोसायटीत, झोपडवस्तीत अशी एक बैठक व्हावी. २६ जुलैच्या मृतांना तीच खरी श्रद्धांजली ठरेल.