पावसाळ्यात सायकलला मडगार्ड



जून लागला,
की वसईपासून अर्नाळ्यापर्यंत रस्त्यांवर चिखल आलाच.
सायकलला काढता-घालता येणारं मडगार्ड जरूर बसवा.

तुमच्या रोड बाईकची चाकं नेहमीपेक्षा लहान आहेत?
मग मडगार्डही लहान चाकाचंच घ्या.
मोठ्याची गोलाई टायरशी जुळत नाही.
फट राहते, चिखल उडतोच.

टायर आणि मडगार्ड यांत बोटभर जागा ठेवा.
रबरी पट्ट्या घट्ट ओढा.
चाक हाताने फिरवा.
हँडल दोन्हीकडे वळवा.
कुठेही घासता कामा नये.

पुढचं मडगार्ड तर मुळीच सैल नको!
ते चाकात अडकलं,
तर माणूस हँडलवरून फेकला जातो.

पुन्हा सांगते,
चाक लहान, तर मडगार्डही लहान चाकाचंच.

आपल्याकडच्या खाऱ्या हवेत स्क्रू लवकर गंजतात.
पाऊस सरला,
की मडगार्ड काढा, धुवा, पुसून ठेवा.