चौदा दिवसांचं घर

मी मूळची बडोद्याची. गेली सहा वर्षं नवरा, मी आणि आता चार वर्षांची मुलगी, असे आम्ही लंडनच्या कालव्यांवर लोखंडी बोटीत राहतो. सहलीला नाही, घर म्हणून.

पहिला प्रश्न कायम संडासाचा असतो, तो उरकूनच टाकते. वीसेक लिटरची पेटी असते. भरली की ठरलेल्या जागी ओढत न्यायची आणि रिकामी करायची. झालं.

या बोटीला नॅरोबोट म्हणतात. रुंदी जेमतेम सात फूट, लांबी आमची पन्नास. रेल्वेच्या डब्यात संसार मांडावा तसं. छतावर सोलर पॅनेल आहेत, पण डिसेंबरात दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो, मग इंजिन लावून बॅटऱ्या भरायच्या. उबेसाठी कोळशाची शेगडी. बंद जागेत कोळसा जळतो, म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. 2019पासून तो सक्तीचाही आहे.

आम्ही इथे आलो ते घरभाडं परवडेना म्हणून. पाण्याच्या ओढीने आलो असं सांगणारेही भेटतात. असतील बापडे.

आता खरी अडचण. लंडनमध्ये बोटीला कायमची जागा मिळणं कठीण, आणि महाग. ती नसेल तर 1995चा कायदा लागू होतो: एका ठिकाणी सलग चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही. आजारपण, इंजिनाचा बिघाड, गोठलेलं पाणी अशा कारणांनी मुदत वाढते. नोकरी किंवा शाळा जवळ हवी, हे कारण चालत नाही. शिवाय त्याच दोन पुलांमध्ये मागेपुढे करूनही भागत नाही. वर्षभरात बोट खरोखर प्रवास करते आहे असं दिसावं लागतं. आणि 2024च्या एप्रिलपासून आमच्यासारख्यांना परवान्यावर अधिभारही आहे.

दोघंच होतो तेव्हा याची मजा वाटायची. रीजंट्स कालवा 1820 साली पूर्ण झाला, पॅडिंग्टनपासून लाइमहाउसपर्यंत, चौदा किलोमीटरच्या आत. इझलिंग्टनच्या बोगद्यात काठाने वाटच नाही. पूर्वी घोडे डोंगरावरून न्यायचे आणि नावाडी बोटीत आडवे पडून भिंतींना पायांनी रेटत पुढे सरकायचे. आम्ही तिथून पहिल्यांदा गेलो तेव्हा नवरा कंदील धरून गात होता. बेसूर.

पण या सप्टेंबरात मुलगी शाळेत जाणार. प्रवेशाच्या अर्जात घरापासून शाळेचं अंतर मोजतात. कुठल्या घरापासून? पत्रं मैत्रिणीच्या पत्त्यावर येतात, पण मुलगी तिथे राहत नाही. आणि शाळा जागची हलत नाही, आम्हाला हलावं लागतं.

मग नकाशा काढून बसलो. ली नदीच्या कडेने रेल्वे जाते: टॉटनहॅम हेल, पाँडर्स एंड, एनफील्ड लॉक, वॉल्थम क्रॉस, चेशंट, ब्रॉक्सबर्न. टॉटनहॅम हेलजवळची शाळा मागितली आहे. बोट या स्टेशनांच्या आसपास सरकत राहील, मुलगी बापाबरोबर गाडीने शाळेत जाईल. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणखी वर, हर्टफर्डपर्यंत. म्हणजे कायद्याचंही राहील.

लांबच्या पंधरवड्यात तिला सकाळी सहाला उठवावं लागेल, तेही थंडीत, शेगडी रात्री विझली असेल तर अंधारात. माझी आई म्हणते, पोरीचे हाल करू नका. मला ते खोडून काढता येत नाही. दोन हिवाळे बघायचे असं आम्ही ठरवलंय. तिला झेपलं नाही, तर बोट विकायची.