जुन्या खेळांचा जीर्णोद्धार



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संगणकावरील खेळांविषयी बोलावयाचे म्हटले, की काहींच्या कपाळाला आठी पडणारच. जो खेळ मुलांच्या हातून सुटावा म्हणून घरोघर धडपड चालते, त्याच्यावर व्याख्यान कशाला? परंतु खेळ कसा खेळावा हे मला आज सांगावयाचे नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची एक कृती आजच्या यंत्रावर पुन्हा उभी कशी करतात, ती उभी करताना कोणते पथ्य पाळावे लागते, आणि तसे करण्याचा अधिकार कोणाचा, एवढाच माझा विषय आहे. त्यासाठी विज्ञानकथेवर रचलेले दोन अमेरिकन खेळ मी निवडले आहेत. दोघांचे दैव निराळे, म्हणून दोन.

पहिला प्रश्न असा की, शंभर वर्षांपूर्वीचे पुस्तक आज उघडले तरी वाचता येते. मग खेळाची तबकडी वीस वर्षांतच मुकी का व्हावी? कारण उघड आहे. पुस्तक डोळा वाचतो, आणि डोळा बदललेला नाही. तबकडी यंत्र वाचते, आणि यंत्र दर काही वर्षांनी बदलते. त्या काळच्या कित्येक खेळांची गती प्रोसेसरच्या वेगावर बेतलेली होती. वेगवान यंत्रावर पात्रे वाऱ्यासारखी पळू लागतात. ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांचे प्रोग्रॅम चालत नाहीत. त्यामुळे गंमत अशी होते की, खेळ स्वतः ३२ बिटांचा आणि धडधाकट असतो, पण त्याला संगणकावर बसवून देणारा छोटा प्रोग्रॅम तेवढा १६ बिटांचा निघतो. घर शाबूत, पण दार उघडत नाही, अशी ही अवस्था. शिवाय चोरट्या प्रती निघू नयेत म्हणून तबकडीवर घातलेले एका जातीचे कुलूप २०१५ साली आलेल्या विंडोज १० ने मानणेच सोडून दिले, आणि मग पैसे मोजून तबकडी घेतलेला प्रामाणिक गिऱ्हाईकच बाहेर अडकला.

आता पहिले उदाहरण. टेक्सासमधील इड सॉफ्टवेअर या छोट्या संस्थेने १० डिसेंबर १९९३ रोजी ‘डूम’ हा खेळ प्रसिद्ध केला. मंगळाच्या फोबोस आणि डीमोस या दोन चंद्रांवरील प्रयोगशाळांत एका क्षणात दूर नेणाऱ्या दारांचे प्रयोग चालतात, आणि त्या दारांतून भलतेच प्राणी आत येतात, अशी त्याची कथा. कथा साधीच आहे, पण रचना मोठ्या दूरदृष्टीची. चित्रे, ध्वनी आणि नकाशे एका स्वतंत्र फाइलीत, आणि त्यांना चालवणारे इंजिन निराळे. कोणाला नवा नकाशा करावासा वाटला, तर त्याने आपली छोटी फाइल मूळ फाइलीवर पसरावी. मूळ अक्षरही हलत नाही. अशा भर घालणाऱ्या फाइलींना आज ‘मॉड’ म्हणतात. पुढे २३ डिसेंबर १९९७ रोजी या मंडळींनी इंजिनाची मूळ आज्ञावलीच जगाला देऊन टाकली. ध्वनीचा परक्या मालकीचा भाग तेवढा वगळला, आणि १९९९ मध्ये तिला मुक्त परवानाही दिला. चित्रे आणि नकाशे मात्र अजून विकतच घ्यावे लागतात, आणि ते योग्यच आहे. परिणाम असा की, नवी यंत्रे कितीही आली तरी ‘डूम’ प्रत्येकावर चालतो. जुना तो जसाच्या तसा, त्याच्या दोषांसह हवा असेल तर ‘चॉकलेट डूम’ आहे. नव्या सोयी हव्या असतील तर ‘जीझेडडूम’ आहे.

दुसरे उदाहरण याच्या उलट. ऑगस्ट १९९९ मध्ये ‘सिस्टीम शॉक २’ आला. २११४ सालचे अवकाशयान, त्यावर एकाकी जागा झालेला माणूस आणि माणसाला कस्पटासमान लेखणारी शोडॅन नावाची यंत्रबुद्धी. समीक्षकांनी त्याला नावाजले, पण खप बेताचाच झाला. निर्मात्यांपैकी लुकिंग ग्लास ही संस्था २००० च्या मे महिन्यात बंद पडली, आणि पुढे हक्क जाऊन पडले एका विमा कंपनीच्या कपाटात. आज्ञावली कोणी दिली नाही, दुकानात तबकडी मिळेना. इकडे संगणकाच्या एका प्रोसेसरात अनेक गाभे आले. एकाच गाभ्याची सवय असलेला हा खेळ मध्येच कोसळू लागला, आणि लोक त्याला हाताने एका गाभ्याशी बांधून कसाबसा चालवू लागले. सप्टेंबर २०१२ मध्ये टोपणनावाने वावरणाऱ्या एका गृहस्थाने फ्रान्समधील चाहत्यांच्या हाती एक ठिगळ, म्हणजे ‘पॅच’, ठेवले. कोसळणे थांबले, रुंद पडद्यावर चित्र नीट बसू लागले. पुढल्याच वर्षी, फेब्रुवारी २०१३ मध्ये, स्टीफन किक या तरुणाच्या खटपटीने हक्क मोकळे होऊन खेळ पुन्हा विक्रीस आला. ग्वाटेमालात प्रवास करताना हा खेळ आपल्या लॅपटॉपवर चालेना, म्हणून त्याने चौकशी आरंभली होती! २०२५ साली त्याच खेळाची नवी सुधारलेली आवृत्तीही निघाली.

ज्यांना घरी असा खेळ बसवावयाचा असेल, त्यांच्यासाठी चार गोष्टी. मूळ तबकडीची प्रत आधी काढून ठेवावी. खेळ ‘प्रोग्रॅम फाइल्स’ मध्ये न ठेवता स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवावा, कारण तेथे लिहिण्यास विंडोज आडकाठी करते. दुरुस्तीचे ठिगळ आधी, मॉड नंतर, आणि तेही एकेक करून, म्हणजे बिघडलेच तर कोणामुळे बिघडले ते कळते. अर्ध्यावर आलेल्या डावात नवा मॉड घालू नये. डाव नव्याने मांडावा. डॉसच्या काळातील खेळांना ‘डॉसबॉक्स’ हा उत्तम आधार आहे. तो नव्या यंत्राच्या पोटात जुने यंत्रच उभे करतो.

पण खरा वाद पुढेच आहे. ‘सिस्टीम शॉक २’ ची भिंतींवरील पुसट चित्रे एका मॉडने स्पष्ट केली, तेव्हा बहुतेकांना आनंद झाला. दुसऱ्याने प्राण्यांचे आणि माणसांचे आकारच नव्याने घडवले, तेव्हा मात्र काही जाणकार म्हणाले, हे चेहरे आमच्या ओळखीचे नाहीत. काळ्या पाषाणाच्या देवळाला तैलरंग फासला, की गावात हाच वाद होतो. आपल्याकडे एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि पुढे कोणी तीत पदरची ओवी घालू नये असे बजावले. शुद्ध करणे वेगळे आणि भर घालणे वेगळे, हा विवेक त्यात आहे. मॉडची चांगली पद्धत हाच विवेक पाळते. भर आपल्या फोल्डरात राहते, कोणाची फाइल आधी पाहावयाची तो क्रम एका साध्या यादीत असतो, आणि यादीतून नाव पुसले की मूळ कृती जशीच्या तशी समोर उभी राहते.

राहिला अधिकाराचा प्रश्न. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली पाहणी केली. तिच्यात, त्या देशात २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के सरळ मार्गाने विकत मिळत नाहीत, असे आढळले. ग्रंथालयांनी असे खेळ अभ्यासकांना दुरून वापरू द्यावेत ही मागणी तेथील कॉपीराइट कार्यालयाने २०२४ मध्ये नाकारली. मालकाचा हक्क बुडवावा असे मी म्हणत नाही. पण जो विकतही नाही आणि दुरुस्तही करू देत नाही, त्याचा हक्क हा कृतीचे रक्षण नव्हे, कृतीची कैद आहे. विक्री थांबली की आज्ञावली मोकळी करावी. ‘डूम’च्या कर्त्यांनी ती दिली, आणि त्यांचे काही बुडाले नाही.

हे सारे दूरदेशीचे, असे समजू नका. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपली कितीतरी मराठी पुस्तके आणि मासिके श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या प्रणालींच्या फाँटांत जुळवली गेली. तो फाँट नसेल, तर आज ती फाइल उघडताच पडद्यावर गिचमीड दिसते. छापखान्यांच्या खणांत अशा तबकड्या पडून आहेत. आपल्या घरी वा ओळखीच्या छापखान्यात असतील, तर त्यांची प्रत आजच काढा. मूळ फाइल तशीच राखा, आणि युनिकोडातली नवी तिच्या शेजारी ठेवा. हौशी खेळगड्यांनी जे एका अवकाशयानासाठी केले, ते आपल्या भाषेसाठी आपल्याला जड जाऊ नये.